रॉकफोर : दरड कोसळली म्हणून वसलेलं गाव

तुलूझकर:

परवा चीजच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की रॉकफोर (ते निळ्या बुरशीचं फ्रेंच चीज) हे कंपनीचं नाव का पदार्थाचं. मंडळी, ते गावाचं नाव आहे. पूर्ण नाव रॉकफोर-सुर-सुलझों, म्हणजे सुलझों नावाच्या ओढ्याकाठचं रॉकफोर. फ्रान्सच्या दक्षिणेला आवेरों जिल्ह्यात, वस्ती जेमतेम पाच-सहाशे. तिथे प्रतिसादात लिहायला बसलो आणि फार लांबलं म्हणून वेगळा धागा काढतोय, अॅडमिन रागावणार नाहीत अशी आशा.

आम्ही तुलूझहून सकाळी निघालो. आल्बीपर्यंत रस्ता मोठा आहे, नंतर सँताफ्रीककडे जाणारा वळणावळणाचा, मागच्या सीटवर दोन उलट्या झाल्या (नावं सांगत नाही). शेवटच्या वळणावर समोर एकदम एक सरळसोट कडा उभा राहतो आणि त्याच्या पायथ्याशी घरांची एक ओळ चिकटवल्यासारखी दिसते. बस्स, तेच गाव. कड्याचं नाव कोंबालू. गावात नीट म्हणावा असा एकच रस्ता, खाली उतार, वर कडा, मधल्या चिंचोळ्या पट्टीत घरं. पहिल्यांदा वाटलं एवढंच? पण गंमत अशी की हे गाव जेवढं वर दिसतं त्याच्यापेक्षा जास्त खाली आहे. घरांच्या मागे, घरांच्या खाली, डोंगराच्या पोटात चीज मुरवायची मजल्यावर मजले तळघरं.

आता ही तळघरं तिथेच का? तर फार फार पूर्वी, माणसाच्या आठवणीच्या पलीकडे, कोंबालूच्या पठाराची कडा सुटून खाली घसरली. साधारण दोन किलोमीटर लांब आणि तीनशे मीटर रुंद असा दगडांचा प्रचंड राडारोडा एकावर एक पडला, आणि पडताना त्यात भेगा राहिल्या. त्या भेगा आजही वरपासून खालपर्यंत उघड्या आहेत आणि त्यातून वारा वाहतो. तिथले लोक भेगेला 'फ्लरीन' म्हणतात, त्यांच्या जुन्या ऑक्सितान बोलीतला शब्द, फुंकणे यावरून आलेला. बाहेरची हवा डोंगरात शिरते, ओल्या गार दगडाला लागून थंड होते, जड होते आणि खाली तळघरात उतरते. बारा महिने ८ ते १२ डिग्री आणि ९५ टक्क्यांच्या आसपास दमटपणा. कसलं मशीन नाही. फटीला छोटी लाकडी दारं बसवलेली असतात, ती कधी उघडायची आणि किती उघडायची हे जाणणारी माणसं असतात, झाला एसी.

जूनचा महिना होता, बाहेर तीसच्या वर आणि मी शहाणा टीशर्टवर आत गेलो. गाईड बाईंनी एका फटीपाशी नेऊन हात ठेवायला सांगितला. फ्रीजचं दार रात्रभर किंचित उघडं राहिलं तर सकाळी पायाला जी गार झुळूक लागते ना, तश्शी. आत उजेड कमी, ओकच्या फळ्यांच्या रांगा, आणि फळ्यांवर गुळाच्या ढेपेएवढ्या पांढऱ्या ढेपा चाकासारख्या कडेवर उभ्या, एकमेकीला न चिकटता. वास... अमोनिया, ओली माती आणि मेंढरांचा वाडा यांच्या मधला काहीतरी. बाहेर आल्याआल्या चष्मा धुकटला आणि दोन मिनिटं मला गाव दिसेचना.

या ढेपा लाकोन जातीच्या मेंढीच्या कच्च्या दुधाच्या, न तापवलेल्या. एका ढेपेला साधारण १२ लिटर दूध लागतं आणि वजन अडीच ते तीन किलो. बुरशी आधी पावावर वाढवायची: राय (गव्हासारखं एक धान्य) आणि गव्हाचे मोठे पाव भाजून तळघरात ठेवायचे, काही आठवड्यांत आतून निळे-हिरवे होतात, मग वाळवून भुकटी. आता बहुतेक ठिकाणी ही बुरशी लॅबमध्ये वाढवतात, पण पावाची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. ढेपेला जाडं मीठ चोळतात आणि सुयांनी आरपार भोकं पाडतात, कारण बुरशीला हवा लागते. आपण कापल्यावर निळ्या रेघा दिसतात त्या बऱ्याचशा या भोकांच्या वाटेनेच गेलेल्या असतात. मग किमान १४ दिवस फ्लरीनच्या वाऱ्यात, नंतर कथिलाच्या पातळ पत्र्यात गुंडाळून थंडीत मुरवत ठेवायचं. एकूण किमान ९० दिवस.

दंतकथा पण आहे: कुणी धनगर पोरगा गुहेत भाकरतुकडा आणि चीज ठेवून एका मुलीच्या मागे गेला, बऱ्याच दिवसांनी परत आला तर सगळं निळं पडलेलं, भूक लागली होती म्हणून खाल्लं. मुलीचं काय झालं ते कुणीच सांगत नाही.

इतिहासाचं प्रतिसादात लिहितो, जेवायला बोलावतायत.

कोरा_चहा:

मस्त! पहिल्यांदाच कळलं की हे गाव आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि मागच्या सीटवरच्या दोघांना आमची सहानुभूती.

शंकासुर:

माहिती छान, पण "दरड कोसळली म्हणून गाव वसलं" हे शीर्षक वाचताना आतून हललो. आपल्याकडे दरड म्हणजे माळीण, तळीये, इर्शाळवाडी. तिथे लोक त्याच कड्याखाली राहतात, भीती वाटत नाही का?

दुसरं, मी कुठेतरी वाचलंय की रोमन काळात प्लिनी या लेखकाने रॉकफोरचं कौतुक केलंय. मग इतिहास लिहाल तेव्हा थेट दोन हजार वर्षं म्हणा की.

खडकपारखी:

शंकासुर, पहिल्या प्रश्नाचं मी बघतो (पेशाने भूगर्भवाला, या भागात फील्डवर गेलोय).

हा सगळा प्रदेश म्हणजे चुनखडीची पठारं. स्थानिक शब्द 'कोस', हो, उच्चार आपल्या कोसासारखाच, आणि खरंच कोसच्या कोस काही दिसत नाही, नुसतं खुरटं गवत, दगड आणि मेंढ्या. ज्युरासिक काळात इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी चुना साचत गेला, त्याचा खडक झाला. आपला दख्खनचा काळा दगड पाण्यात विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या लेणी माणसाने छिन्नीने कोरल्यात. चुनखडीत उलट, पाऊसच कोरून देतो, फक्त हजारो वर्षं लावतो.

त्यामुळे पठारावर पाऊस पडतो तरी पाणी थांबत नाही, भेगांतून थेट खाली. लार्झाक नावाचं मोठं पठार जवळच आहे, तिथे मैलोन्मैल ओढा नाही. मग मेंढ्यांनी प्यायचं काय? तर दगडी फरशी बसवलेली उथळ गोल तळी बांधतात, त्याला लाव्होन्य म्हणतात. मी पाहिलेली एक तर अगदी बशीसारखी होती, कडेने उतरती फरसबंदी, म्हणजे मेंढरं पाय न घसरता चारी बाजूंनी पाण्यापर्यंत जातात. आणि जिथे जमीन खचून खड्डे झालेत त्यांच्या तळाशी तेवढी लाल माती साचते, शेती होते ती तिथेच. बाकी सगळं माळरान.

आता दरडीचं. चुनखडीच्या खाली चिकणमातीचे जाड थर आहेत. वरून मुरलेलं पाणी त्या मातीवर येऊन अडतं, माती बुळबुळीत होते आणि वरचा जड दगड कडेने सरकतो. कोंबालूचं तेच झालं. पण ते प्राचीन आहे, राडारोडा आता बसलाय. माळीणसारखा पावसाने भिजलेला मातीचा उतार एका सकाळी निसटणं ही वेगळी गोष्ट. दोन्हींना मराठीत दरडच म्हणतो आपण, काय करणार.

अवांतर: शेजारच्या तूर्नमीर गावाजवळ १९ व्या शतकातला एक बंद रेल्वे बोगदा आहे, तो याच चिकणमातीतून जातो. त्यात फ्रेंच अणुसुरक्षावाल्यांनी प्रयोगशाळा थाटलीय, अणुकचरा अशा मातीत गाडला तर पाणी त्यातून किती झिरपेल हे तपासायला. एकाच भागात वरच्या थरात चीज आणि खालच्या थराची ही परीक्षा.

तुलूझकर:

खडकपारखी, दंडवत. माझ्या लेखापेक्षा प्रतिसाद भारी झालाय.

शंकासुर, प्लिनीने नीमच्या बाजारातून, गॉलच्या (तेव्हाच्या फ्रान्सच्या) या डोंगराळ भागातून रोमला येणाऱ्या चीजचं कौतुक केलंय हे खरं, पण रॉकफोर हे नाव त्यात नाही. दुकानाच्या पाट्यांवर प्लिनी असतो, मध्ययुगातला सम्राट शार्लमेन असतो, मी ते गंभीरपणे घेत नाही. रोमनांचा पक्का पुरावा हवा तर इथून अर्ध्या तासावर मियो आहे (लिहितात मिलाउ सारखं, म्हणतात मियो), तिथे ग्रोफसांकला लाल चकचकीत मातीच्या भांड्यांचे मोठे कारखाने होते, साम्राज्यभर भांडी जायची.

कागदावरचा इतिहास असा. १४११ मध्ये राजा सहावा चार्ल्स याने रॉकफोरच्या गावकऱ्यांना हक्क दिला की हे चीज मुरवायचं ते तुम्हीच. म्हणजे आपल्या भाषेत सनद. गावात शेती जवळजवळ नाही, उताराला द्राक्षवेल लागत नाही की गहू पिकत नाही, गावाकडे आहे काय तर वारा, आणि त्या वाऱ्याची सनद. मग १६६६ ला तुलूझच्या पार्लमांने (हे संसद नव्हे, तेव्हाचं वरिष्ठ न्यायालय) ठरवलं की नकली रॉकफोर विकणाऱ्याला दंड. म्हणजे तेव्हाही डुप्लिकेट माल होताच! १९२५ मध्ये फ्रान्सच्या संसदेने कायदाच केला, आणि नावाचं असं कायदेशीर संरक्षण मिळालेलं हे फ्रान्समधलं पहिलं चीज. आज आपण हापूसला जीआय मिळाला म्हणून भांडतो, त्या प्रकारातला अगदी सुरुवातीचा कायदा.

पण मला सगळ्यात आवडलेलं भांडण १९६१ चं. आसपास दुसऱ्या डोंगरातही गुहा आहेत, तिथेही बुरशी येते, मग आमचंही रॉकफोर का नाही? मियोच्या कोर्टाने सांगितलं की चीज दुसरीकडे बनवलं तरी चालेल पण ते मुरायला हवं कोंबालूच्या या राड्यारोड्यातल्या नैसर्गिक तळघरांत, नाहीतर ते नाव नाही. बघा म्हणजे, गावाचं नाव चीजला आणि चीजचा कायदा एका दरडीच्या हद्दीला बांधलेला. आज सात उत्पादक आहेत आणि त्यातला एकच निम्म्याहून जास्त माल काढतो.

मधली_सुट्टी:

या सगळ्यात बायका कुठेत? राजा, कोर्ट, धनगर पोरगा. चीज घासायला पुसायला कोण होतं?

तुलूझकर:

बरोबर पकडलंत, मीच लिहायला विसरलो. तळघराला तिथे 'काबान' म्हणायचे आणि आत काम करणाऱ्या बायकांना काबानिएर. मीठ लावणं, ढेपेवर येणारा बुरशीचा थर सुरीने खरवडणं, फळीवर फिरवून ठेवणं, पत्र्यात गुंडाळणं, हे सगळं त्यांच्याकडे. आसपासच्या खेड्यातल्या मुली हंगामाला यायच्या. दिवसभर आठ-दहा डिग्रीत, ओल्यात, खारट हातांनी. जुने फोटो लावलेत तिथे, पांढरे एप्रन, जाड मोजे, लाकडी तळाचे बूट. गाईड बाई म्हणाल्या की त्यांची आजी त्यातली, आणि आजीच्या बोटांची पेरं शेवटपर्यंत सुजलेली असायची. हे सांगताना त्यांनी आवाज अजिबात बदलला नाही, पुढच्या वाक्यात तिकिटावर चव बघायला मिळते ते सांगितलं.

मधली_सुट्टी:

धन्यवाद. आता पुढे चालू द्या.

ताकभात:

मला दोन शंका. १) मेंढीचं दूध काढायचं तर कोकराला काय राहतं? २) हे शाकाहारी आहे का? घरी एकादशीवाले आहेत :)

तुलूझकर:

१) कोकराला महिनाभर पाजतात, मग दूध तोडतात. नर कोकरं बहुतेक खाटकाकडे. आणि म्हणूनच मियो हे कातडी हातमोज्यांचं शहर झालं! कोवळी, पातळ कातडी भरपूर मिळायची, पॅरिसच्या मोठ्या फॅशन घराण्यांचे हातमोजे तिथे शिवले जायचे. दूध रॉकफोरला, कातडं मियोला, एका मेंढीवर दोन गावं.

दुधाची मागणी एवढी वाढली की एके काळी कॉर्सिका बेटावरून आणि पिरेनीज डोंगरातून पांढऱ्या कच्च्या ढेपा मुरायला इथे यायच्या. आता दूध ठरवून दिलेल्या आसपासच्या पट्ट्यातलंच लागतं.

२) नाही. दूध फाडायला प्राणिज रेनेट वापरतात, ते पिल्लाच्या जठरातून येतं. एकादशीवाल्यांना पनीर द्या. आणि कच्चं दूध असल्याने गरोदर बायकांना डॉक्टर नको म्हणतात, ते पण लक्षात असू द्या.

कोरा_चहा:

आमच्याकडे भाकरीला बुरशी आली की आई म्हशीला घालायची. तिकडे कायदा करतात.

वर्धेचापोरगा:

लार्झाक हे नाव वाचून थांबलो. आमच्या गावात एक जुने सर्वोदयी काका होते, त्यांच्या तोंडी लार्झाकच्या मेंढपाळांचा सत्याग्रह असायचा, आम्ही लहान होतो, वाटायचं कुठलीतरी गोष्ट सांगतायत. हेच ते का? कुणाला माहीत असेल तर लिहा.

तुलूझकर:

हेच ते! मी हे लिहावं की नाही या विचारात होतो कारण गावाबाहेरचं आहे, पण आता विचारलंच तर.

१९७१ च्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्री मिशेल देब्रे यांनी जाहीर केलं की लार्झाक पठारावरचा लष्करी तळ ३ हजार हेक्टरवरून १७ हजार हेक्टर करणार. सरकारी डोक्यात हिशेब असा की पठार ओसाडच आहे, चार मेंढ्या चरतात. पण त्या चार मेंढ्यांचं दूध रॉकफोरला जात होतं आणि बऱ्याच तरुण शेतकऱ्यांनी नुकतेच कर्ज काढून गोठे बांधले होते. हे लोक काही क्रांतिकारक नव्हते, रविवारी चर्चला जाणारे, सरकारला मानणारे.

अशा वेळी १९७२ च्या मार्चमध्ये ला काव्हालरी गावात एक उंच, पांढऱ्या दाढीचा म्हातारा येऊन उपोषणाला बसला. लांझा देल वास्तो. जन्म इटलीतला, आणि १९३७ च्या सुमारास हा गृहस्थ वर्ध्याला गांधीजींकडे राहून आला होता, बापूंनी त्याचं नाव ठेवलं शांतिदास. परत येऊन त्याने आश्रमासारखी वस्ती काढली, आणि ती तेव्हा लार्झाकच्या दक्षिण अंगाला होती. सूत कातायचे, स्वतःचं धान्य पिकवायचे, मांस नाही. शेतकरी त्यांना विचित्रच समजायचे. पण १५ दिवसांच्या उपोषणात लोक संध्याकाळी कामं आटोपून येऊन बसायला लागले, ऐकायला लागले, आणि त्याच दिवसांत १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली की जमीन विकणार नाही, आणि हिंसाही करणार नाही.

पुढे दहा वर्षं. ऑक्टोबर १९७२ ला पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या खाली ६० मेंढ्या सोडल्या, पाठीवर 'लार्झाक वाचवा' रंगवलेलं. पोलिसांना मेंढ्या हाकता येईनात. १९७३ ला ट्रॅक्टर घेऊन पॅरिसकडे निघाले. ला ब्लाकिएर इथे परवानगीशिवाय दगडी मेंढवाडा बांधला, देशभरातून लोक श्रमदानाला आले. जमिनीचे बारीक हिस्से करून हजारो लोकांना विकले, म्हणजे सरकारला संपादन करायचं तर हजारो मालकांना नोटिसा. १९८१ मध्ये मितराँ राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि त्यांनी विस्तार रद्द केला.

वर्धेचापोरगा:

काय सांगता! म्हणजे काका खरंच बोलत होते. तेव्हा सेवाग्रामचं नाव शेगाव होतं, १९४० ला बदललं, त्याच्या आधीचे दिवस हे. मी त्या आश्रमासमोरून रोज सायकलने शाळेत गेलोय आणि मला हे एका चीजच्या धाग्यावर कळतंय. काका आता नाहीत.

शंकासुर:

मॅकडोनाल्ड फोडलं होतं ते पण इकडेच ना?

तुलूझकर:

हो, मियोतच, १२ ऑगस्ट १९९९. युरोपने हार्मोनवाल्या अमेरिकन बीफला बंदी केली, अमेरिकेने बदल्यात रॉकफोरसकट काही मालावर १०० टक्के कर लावला. मग जोझे बोव्हे आणि मंडळींनी बांधकाम चालू असलेलं मॅकडोनाल्ड दिवसाढवळ्या उचकटलं. बोव्हे स्वतः लार्झाकच्या लढ्यात आलेला आणि तिथेच मेंढ्या पाळणारा, त्याचं दूध रॉकफोरला जायचं. शिक्षा झाली त्याला. २००९ च्या जानेवारीत बुश जाता जाता कर ३०० टक्के करून गेले, पण त्याच वर्षी तडजोड होऊन ते प्रकरण मिटलं. बीफ आणि हार्मोनच्या भांडणात पाचशे वस्तीचं गाव मधल्यामध्ये.

गांधीवाल्यांच्या उपोषणापासून हातोड्यापर्यंत हा प्रवास मला स्वतःला फारसा पटत नाही, पण तिथे हे बोलायची सोय नाही. चीजच्या दुकानात सहज म्हणालो तर बाई म्हणाल्या, "फोडलं नाही, सुटं केलं."

ताकभात:

हाहाहा, सुटं केलं! बरं, आम्ही पुढच्या उन्हाळ्यात मियोचा तो उंच पूल बघायला जाणार आहोत, मुलं ९ आणि ५ वर्षांची. गाव वाटेत पडतं का? ऑगस्टमध्ये गेलो तर चालेल?

तुलूझकर:

पुलापासून अर्धा तास फार तर. पूल बघाच, एक खांब वरच्या मनोऱ्यासकट ३४३ मीटर आहे, खालून बघा, वरून गाडीतून काही कळत नाही. रॉकफोरला जानेवारी ते जून गेलात तर फळ्या भरलेल्या दिसतात. मेंढ्यांचं दूध डिसेंबर ते जुलैच, त्यामुळे ऑगस्टमध्ये तळघरं बरीच रिकामी, पण वारा तसाच. गाडी खालच्या पार्किंगला लावा, वर जागा मिळत नाही. मुलांना स्वेटर घ्या, मी घेतला नव्हता. आणि घरी आणणार असाल तर डबा पक्का झाकणाचा न्या, आमच्या गाडीला अजून वास येतो.